‘सी ड्राइव्ह फॉरमॅट मारा, व्हायरस गेलाच समजा’ : या फॉरवर्डमुळे काय काय जातं

मावशीच्या लॅपटॉपवर आठ दिवसांत तीनदा विंडोज टाकून झालं. तिसऱ्या वेळी मावसभावाचा फोन आला, “ताई, अजून जात नाहीये गं. आता मदरबोर्ड बदलावा लागेल असं लिहिलंय.” कुठे लिहिलंय म्हणून विचारलं, तर त्याने एक फॉरवर्ड पाठवला. तो मी आधी दोन ग्रुपवर पाहिला होता आणि हे कोण खरं मानणार म्हणून सोडून दिला होता. मावशीने खरा मानला. गेली तीन वर्षं ती आजोबांच्या वह्या टाइप करत होती. ते फोल्डर डेस्कटॉपवर होतं, पहिल्याच फॉरमॅटमध्ये गेलं. अधूनमधून मला मेलने पाठवलेली काही पानं तेवढी वाचली. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्डमध्ये सात मुद्दे आहेत. एक, अँटीव्हायरसच्या नादी लागू नका, कुठलाही व्हायरस असो, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज टाका, शंभर टक्के जातो. दोन, व्हायरस फक्त सीमध्ये राहतो, डी आणि ई ड्राइव्हमधलं सगळं सेफ. तीन, अॅक्टिव्हेटर (विकत न घेतलेलं विंडोज चालू करून देणारं सॉफ्टवेअर) चालवताना डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद ठेवा, तो खोटाच व्हायरस दाखवतो. चार, फाइली लॉक झाल्या असतील तर आधी फॉरमॅट, मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळतात. पाच, फॉरमॅटनंतर पासवर्ड बदलायची गरज नाही. सहा, तरीही व्हायरस गेला नाही तर तो मदरबोर्डमध्ये शिरलाय. सात, दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारत जा.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करते. कधीकधी विंडोज नव्याने टाकणं हाच योग्य उपाय असतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने, म्हणजे निस्टने, जुलै २०१३मध्ये डेस्कटॉप-लॅपटॉपवरच्या मालवेअरशी, म्हणजे व्हायरस आणि तसल्या सगळ्या घातक सॉफ्टवेअरशी, कसं लढायचं याची सुधारित मार्गदर्शिका काढली. तिचा क्रमांक ८००-८३. यंत्रणा नव्याने कधी उभारावी हे त्यात स्पष्ट दिलंय : हल्लेखोराला अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळाले असतील, किंवा मागच्या दाराने ते कुणालाही मिळण्यासारखे असतील, सिस्टिमच्या फाइली बदलल्या गेल्या असतील, किंवा साफसफाईनंतरही मशीन धड चालत नसेल तर. यातलं काहीच नसेल, तर नुसता मालवेअर काढणं सहसा पुरतं, असंही तीच मार्गदर्शिका सांगते. ‘कुठलाही व्हायरस असो’ हे तिथेच निकालात निघतं.

आणि नव्याने उभारणं म्हणजे काय, हेही तिथे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं, ते सुरक्षित करायचं आणि डेटा खात्रीच्या बॅकअपमधून परत आणायचा. या तिन्ही गोष्टी मिळून एक काम होतं. फॉरवर्डने त्यातली पहिली अर्धीमुर्धी उचलली आणि बाकीच्या सोडून दिल्या.

शिवाय अनेकदा व्हायरस नसतोच. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले’ अशा पाट्या सारख्या येतात, त्या बहुतेक वेळा ब्राउझरच्या नोटिफिकेशन असतात. कधीतरी कुठल्यातरी साइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की पाट्या बंद. खरंच शंका असेल, तर विंडोजमध्येच डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन आहे. ते विंडोज सुरू होण्याआधी तपासतं, त्यामुळे एरवी लपून बसणारे मालवेअरही सापडू शकतात. साधारण पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता दुसरा मुद्दा. मावशीचं नुकसान याच्यामुळे झालं, म्हणून इथे जरा थांबते.

‘डेटा डीमध्ये असतो’ हे गृहीतच चुकीचं आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरं मुद्दाम हलवली नसतील तर सी ड्राइव्हवरच असतात. डेस्कटॉप समोर दिसतो म्हणून तो कुठेतरी वेगळा आहे असं वाटतं, पण तोही सीमधल्या युजर्स फोल्डरातलं एक फोल्डर आहे. फॉरमॅट मारला की तो जातो. फॉरवर्डमध्ये ‘आधी डेस्कटॉपवरचं उचलून ठेवा’ एवढं एक वाक्यही नाही.

आणि व्हायरस फक्त सीमध्ये राहतो, हे कुणी सांगितलं? व्हायरसला सी-डी असला भेद कळत नाही, त्याला फाइली दिसतात. सॅलिटी, व्हायरट, रॅमनिट ही अशाच कुळातली नावं. सॅलिटी २००३पासून माहीत आहे. हे व्हायरस स्वतःची वेगळी फाइल ठेवून थांबत नाहीत, तुमच्या चांगल्या ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या, फाइलीत स्वतःचा कोड घुसवतात. कुठलाही ड्राइव्ह असो, पेनड्राइव्ह असो, नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर असो. व्हायरट आणि रॅमनिट तर एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या, फाइलीसुद्धा सोडत नाहीत. सी कोरा केला तरी डीवर दूषित सेटअप पडलेले असतात, आणि नव्या विंडोजवर माणूस सगळ्यात आधी तेच चालवतो.

मावशीच्या घरी नेमकं हेच झालं. डी ड्राइव्हवर ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर होतं. त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, जुना व्हिडिओ प्लेअर असं बरंच काही. प्रत्येक वेळी विंडोज चालू झालं की मावसभाऊ पहिल्यांदा मराठी टायपिंग आणि प्रिंटर टाकायचा, कारण मावशीला तेवढंच लागतं. मी त्याला प्रिंटरचा तोच सेटअप माझ्या लॅपटॉपवर कंपनीच्या साइटवरून उतरवून दाखवला. आवृत्ती तीच, पण डीवरची फाइल थोडी मोठी होती. मग त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायला लावल्या. डिजिटल सिग्नेचर्सच्या टॅबमध्ये कंपनीचं नाव होतं, पण डिटेल्स दाबल्यावर सही वैध नसल्याचा शेरा आला. कंपनीने सही केल्यानंतर फाइलीत काहीतरी घुसलंय, असा त्याचा अर्थ. डिफेंडर चालू केल्यावर त्याने नाव सांगितलं, सॅलिटी. म्हणजे तीनदा विंडोज टाकलं आणि तिन्ही वेळा स्वतःच्या हाताने व्हायरस परत चालवला.

पेनड्राइव्हचंही असंच. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात आणि खरी फोल्डरं लपवलेली असतात, हा प्रकार बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लॅपटॉप फॉरमॅट केला आणि तोच पेनड्राइव्ह लावून शॉर्टकटवर डबल क्लिक केलं, की पुन्हा पहिले पाढे. २००८च्या नोव्हेंबरात आलेला कॉन्फिकर हा मालवेअर पेनड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम सुरू करण्याच्या सोयीतूनही, पसरला. पुढे २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर पेनड्राइव्हचा ऑटोरन अपडेटने बंद केला. शॉर्टकटवर आपण आपल्या बोटाने केलेलं क्लिक मात्र कुठलं अपडेट अडवणार?

तिसरा मुद्दा दुसऱ्याला जोडूनच आहे. डिफेंडर चालू असता, तर पहिल्याच दिवशी डीवरचा सेटअप त्याने अडवला असता. तो बंद होता, कारण फॉरवर्डने तसं सांगितलं होतं. अॅक्टिव्हेटर आणि क्रॅक यांच्या नावाखाली पासवर्डचोर पसरवणं हा जुना धंदा आहे. डिसेंबर २०२१मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने केएमएसपिको नावाच्या अॅक्टिव्हेटरच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा माहिती चोरणारा मालवेअर पसरत असल्याचं दाखवून दिलं. डिफेंडरची सूचना कधीकधी चुकीची असू शकते, हे खरं. पण अनोळखी माणसाने दिलेल्या फाइलीसाठी पहारेकऱ्याला घरी पाठवायचं, हा त्यावरचा उपाय नव्हे. वाईट याचं वाटतं, की मावशीला अॅक्टिव्हेटरची गरजच नव्हती. विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची किल्ली, म्हणजे विंडोज विकत घेतल्याचा क्रमांक, विंडोज ८पासून मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. तीच आवृत्ती टाकली तर विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होतं. लॅपटॉप होम आवृत्तीचा होता, मावसभावाने प्रो टाकलं, म्हणून विंडोजने किल्ली मागितली. बस, एवढंच.

चौथ्या मुद्द्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण इथे चूक सुधारता येत नाही. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइलींना कुलूप लावणाऱ्या मालवेअरने, फाइली लॉक केल्या असतील तर आधी फॉरमॅट अजिबात मारू नका. फॉरमॅटने कुलूप उघडत नाही, उलट किल्लीचा माग पुसला जातो. स्टॉप-डिजेव्हीयू या कुळातला रॅन्समवेअर आपल्या बळीचा आयडी सी ड्राइव्हवरच्या ‘सिस्टिमआयडी’ फोल्डरात लिहून ठेवतो. त्या आयडीच्या शेवटी ‘टी१’ ही अक्षरं असतील, तर ऑफलाइन किल्ली, म्हणजे अनेक बळींना लावलेली एकच सामायिक किल्ली, वापरलेली असते, आणि ती किल्ली कधी हाती लागली तर फाइली उघडू शकतात. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला, तेव्हा फ्रेंच संशोधक आद्रियाँ गिने याने दाखवलं, की काही जुन्या विंडोजवर किल्ली बनवायला वापरलेल्या मूळ संख्या मेमरीत शिल्लक राहतात. अट अशी, की मशीन रीस्टार्ट झालेलं नको आणि मेमरीतली ती जागा दुसऱ्या कामाला वापरली गेलेली नको. नुसत्या रीस्टार्टने जी संधी जाते, ती फॉरमॅटनंतर कुठून राहणार?

रिकव्हरी सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइली शोधतं, कुलूप लावलेल्या फाइली उघडत नाही. काही रॅन्समवेअर लॉक केलेली प्रत बनवून मूळ फाइल पुसतात, तिथे थोडी आशा असते. पण त्याच डिस्कवर कित्येक जीबींचं नवं विंडोज लिहिलं की तीही संपते. एसएसडीवर, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या चिपच्या डिस्कवर, तर फॉरमॅट करतानाच विंडोज ‘ही जागा मोकळी आहे’ असं डिस्कला कळवतं आणि डिस्क ती आतून साफ करते. म्हणून नेट तोडा, खंडणीची चिठ्ठी आणि लॉक झालेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर उपाय आहे का बघा. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६मध्ये ती सुरू केली, तिथली साधनं मोफत आहेत. आज उपाय नसेल, तरी त्या फाइली जपून ठेवा. किल्ल्या पुढे कधीतरी मिळाल्याची उदाहरणं आहेत.

पाचवा मुद्दा. चोर घरातून गेला म्हणून नेलेला ऐवज परत येतो का? रेडलाइनसारखे माहितीचोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलून लगेच बाहेर पाठवतात. कुकी म्हणजे लॉगिन झाल्यावर साइटने ब्राउझरला दिलेला पास. तो ज्याच्याकडे असेल त्याला अनेक साइटवर पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. म्हणून पासवर्ड बदलायचे, ते दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. सुरुवात मेलपासून करायची, कारण बाकीचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. सोबत ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ हेही दाबायचं. आणखी एक, ब्राउझरमध्ये खात्याने साइन इन केलं की सिंकमधून, म्हणजे खात्यावर साठवलेल्या प्रतीतून, जुनी एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) परत येतात, त्यात खोडसाळ एक्सटेन्शन असेल तर तेही येतं. यादी उघडून अनोळखी सगळी काढून टाका.

सहावा मुद्दा घाबरवण्यापुरता. मदरबोर्डच्या चिपपर्यंत पोचणारे मालवेअर आहेत. सीआयएच व्हायरसने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक मशीनच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, कचरा लिहिला होता, आणि २०१८मध्ये इसेट कंपनीने उघडकीला आणलेला लोजॅक्स हा मालवेअर विंडोज नव्याने टाकलं, डिस्क बदलली तरी टिकतो. पण लोजॅक्स निवडक सरकारी यंत्रणांवर सोडलेला होता. घरच्या लॅपटॉपवर व्हायरस परत आला, तर आधी डी ड्राइव्ह, पेनड्राइव्ह आणि ब्राउझरचं सिंक बघा. सातव्याबद्दल इतकंच, की दर सहा महिन्यांनी फॉरमॅट मारण्यापेक्षा दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर बॅकअप घ्या.

चौथ्यांदा विंडोज टाकलं ते असं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार केला, कारण दूषित मशीनवर बनवलेल्या पेनड्राइव्हचा भरवसा नाही. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, आहे का ते पाहिलं. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी किल्ली आधी लिहून ठेवा, नाहीतर नव्या विंडोजवर डी ड्राइव्ह उघडणारच नाही. डीवरचे फोटो, पीडीएफ आणि वर्ड फाइली तेवढ्या बाहेर काढून तपासल्या. ईएक्सई आणि एचटीएमएल एकही घेतली नाही. मग सेटअपच्या पडद्यावर एकेक पार्टिशन (डिस्कचा सी, डीसारखा भाग) निवडून डिलीट केलं, सगळी डिस्क एकच मोकळी जागा दिसेपर्यंत. डी डिलीट करताना मावसभाऊ मला दोनदा “नक्की ना?” म्हणाला. विंडोज होम टाकलं, ते आपोआप अॅक्टिव्हेट झालं. आधी सगळे अपडेट घेतले, मग प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवला. मराठी टायपिंगसाठी काहीच उतरवावं लागलं नाही, विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतोच. मावशीच्या मेलचा पासवर्ड तोवर माझ्या फोनवरून बदलून झाला होता.

आजोबांच्या वह्या ती आता पुन्हा पहिल्यापासून टाइप करतेय. दर रविवारी त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर जाते आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवली जाते.