उजव्या सोंडेचा ऑसिलोस्कोप

महालक्ष्म्या बसायला बारा दिवस उरले असताना आमच्या ऑसिलोस्कोपनं, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेनं काढून दाखवणाऱ्या यंत्रानं, प्राण सोडला. आधी पडद्यावर एक आडवी रेघ, मग नुसता ठिपका, मग तोही नाही. जळाल्याचा वास तेवढा घरभर झाला. आमच्या परभणीत लाइट गेली की परत येताना कधीकधी जरा जास्तच जोरात येते. त्यातच गेला असावा.

महालक्ष्म्यांचा आणि ऑसिलोस्कोपचा संबंध काय, हे मला त्या बारा दिवसांत निदान चाळीस जणांना सांगावं लागलं. तुम्ही एक्केचाळिसावे. एरवी या यंत्रात किरण डावीकडून उजवीकडे आपला आपण पळतो, सिग्नल त्याला फक्त वरखाली हलवतो. एक्स-वाय मोडमध्ये आडवं-उभं दोन्ही आपल्या हाती येतं. लॅपटॉपच्या आवाजाचा डावा चॅनल आडवा, उजवा चॅनल उभा. की किरण हिरव्या रेघेनं गणपती काढतो, सेकंदाला 50 वेळा. सात वर्षं आमच्या आराशीत हाच गणपती. गल्लीतल्या बाया महालक्ष्म्यांना हळदकुंकू वाहून झालं की ‘तो हिरवा’ बघायला थांबायच्या.

“दीडशे रुपयाला लायटिंगची माळ मिळते. हे काय करायलेत तुम्ही?” बायको म्हणाली.

मी सांगितलं, 1958 मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी असल्याच पडद्यावर लोकांना टेनिस खेळवलं होतं.

“ती प्रयोगशाळा सरकारी होती का?”

“हाव.”

“मग तुम्ही पगारातून काहून करायलाव?”

हा मुद्दा मी त्या वेळी अनुत्तरित ठेवला. अजूनही तसाच आहे.

संभाजीनगरच्या एका दुकानात पोराने नवा डिजिटल काढून दाखवला. 100 मेगाहर्ट्झ, सेकंदाला एक अब्ज सँपल. मला लागतात जेमतेम 20 किलोहर्ट्झ. पोळ्याला बैलाची घुंगरमाळ घ्यायला जावं आणि दुकानदारानं ट्रॅक्टरचे हप्ते सांगावेत, तशी गत. तरी लॅपटॉप जोडून बघितलं. गणपती आला, पण कांजिण्या होऊन आला. अंगभर ठिपके. हे यंत्र किरण पळवतच नाही. सिग्नलचे नमुने घेतं आणि ठिपके मांडतं. शिवाय मुकुटावरून मोदकाकडे उडी मारतानाची रेघही कानाइतकीच ठळक. जुन्या यंत्राच्या काचेच्या नळीत किरण रेंगाळेल तिथं उजेड, पळेल तिथं फिका. ती उडी आपसूक विरते. उरलीसुरली लपवायची तर किरण क्षणभर विझवायला मागच्या बाजूला झेड इनपुट हवं.

“मागं झेड आहे का?”

“सर, यूएसबी आहे ना.”

महागड्या डिजिटलमध्ये उजेडाच्या छटा असतात म्हणे, पण ती किंमत ऐकून माझ्याच छटा बदलल्या. एका विद्यार्थ्यानं स्वस्तातलं जोडायचं किट आणून दिलं, तळहाताएवढं. चॅनल एकच. एका चॅनलवर गणपतीची फक्त उंची निघते.

शेवटी रविवारी संभाजीनगरलाच जाफर गेटचा बाजार. नळाच्या तोट्या आणि शिलाई मशीनचे पाय यांच्या मध्ये तो बसला होता: 20 मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, मागं झेड. मी चेहरा शक्य तेवढा मख्ख केला. “ये क्या, टीव्ही है?” चाचा म्हणाले, “जो समझो. हजार दे दो.” मी सातशे म्हणालो. चाचा विरघळायला लागले होते. तेवढ्यात त्यांच्या पोरानं शेजारच्या टपरीतून वायर ओढून यंत्र चालू केलं, आणि पडद्याच्या मधोमध एक लख्ख हिरवा ठिपका येऊन थांबला. हलेना. माझ्या तोंडून किंकाळी निघाली, “अरे ब्राइटनेस कमी कर, पडद्याचा फॉस्फर जळंल!”

चाचांनी माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं.

“आपको माल की पहचान है. पच्चीस सौ.”

बावीसशेला सुटलो. एसटीत मांडीवर घेऊन बसलो तर कंडक्टरनं ईसीजीचं मशीन समजून पुढची सीट दिली. जालना येईपर्यंत शेजारच्या आजोबांनी आपली छाती दोनदा माझ्याकडे वळवली होती.

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी केबल जोडली. गणपती उमटला, एकही कांजिणी नाही. मी मागं सरून हात जोडले. आत्या मात्र चष्मा वर-खाली करत पडद्यापुढं उभी.

“बाबा, याची सोंड उजवीकडं गेली की रे.”

जुन्या यंत्राच्या आडव्या बाजूला मी घरी बनवलेला अँप्लिफायर होता, आणि तो सिग्नल उलटा करायचा. म्हणून प्रोग्राममध्येच मी एक उणे चिन्ह घालून ठेवलं होतं. नव्याला अँप्लिफायर लागला नाही. उणे तेवढं राहिलं.

“एका मिनिटाचं काम आहे, आत्या,” म्हणत मी लॅपटॉपकडे हात नेला.

“थांब! उजव्या सोंडेचा आहे तो. आधी आंघोळ कर, सोवळं नेस, मग हात लाव.”

रात्री साडेदहाला मी ओल्या डोक्यानं, सोवळ्यात, चौरंगाशेजारी मांडी घालून एक उणे चिन्ह खोडत होतो.