आधी सही, मग अर्थ

फायनान्सवाल्यांची इंग्रजी नोटीस घरी आली, तर पहिली गोष्ट म्हणजे ती उघडू नका. देवघरात, विजेच्या बिलाखाली सरकवून द्या. देवाच्या धाकाने नोटिशीतली मुदत संपायची थांबते, असा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. चेक परत गेल्याची असेल, तर ती हातात पडल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात. दोन आठवडी बाजार आरामात करून घ्या, मग बघू.

उघडायचीच झाली, तर अर्थ स्वतःच लावा. वकिलाला कशाला त्रास? वरच्या बाजूला 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलं असेल, तर समजा की साहेबांचं मन स्वच्छ आहे, आपल्याविषयी त्यांना काही किंतु नाही. ('आमचे सगळे हक्क राखून हे लिहीत आहोत' असं ते म्हणतायत, तिकडे लक्ष देऊ नका.) 'कन्सिडरेशन' दिसलं, की आपल्या अडचणीचा सहानुभूतीने विचार चाललाय म्हणून पेढे वाटा. कायद्यात त्याला मोबदला म्हणत असतील, म्हणू देत.

'एक्स पार्टी' असेल तर नवे कपडे शिवून ठेवा. (कायद्यात त्याचा अर्थ 'तुमच्या गैरहजेरीत, एकतर्फी' असा होतो, होऊ देत.) तारखेला मात्र जाऊ नका.

कर्ज फिटल्यावर एनओसी मागत फिरू नका. आरसी बुकावर फायनान्सचं नाव शोभून दिसतं. ते काढायला फॉर्म 35 भरून आरटीओत द्यावा लागतो, हे ट्रॅक्टर विकायला काढाल त्या दिवशी गिऱ्हाईकच सांगेल.

आता जामीनदाराविषयी. कोणी जामीन राहायला बोलावलं, तर चप्पल घालायलाही थांबू नका. आमचे मामा थांबले नाहीत. अमळनेर तालुक्यातलं गाव, सख्ख्या बहिणीचा मुलगा, नवा ट्रॅक्टर. नाही कसं म्हणणार? सह्या घ्यायला आलेला पोरगा आपल्याच भागातला. "काही व्हत नही आबा, आठे सही करी द्या," इतक्या गोड अहिराणीत त्याने सगळा करार समजावून सांगितला. भाच्याचे हप्ते थकले (कापसाचं काय झालं ते इथे कोणाला सांगायला नको) आणि गेल्या महिन्यात नोटीस आली ती मामांच्या नावाने. मामांचं एकच पालुपद, "मी ते नुसता साक्षीदार व्हतु."

साक्षीदार नाही हो मामा. करार कायदा 1872 सालचा आहे आणि त्याचं कलम 128 सांगतं, की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. नोटिशीत 'जॉइंटली अँड सेव्हरली' आहे ते याचसाठी. दोघांकडून मिळून घेऊ, नाहीतर कोणाही एकाकडून सगळं घेऊ. आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे, तोच नेमका हा 'कोणीही एक' असतो.

मामांना घेऊन शाखेत गेलो. कराराची प्रत मागितली. "ती हेड ऑफिसला असते." बरं, बघायला तरी द्या. बराच वेळ बसवून ठेवल्यावर त्या साहेबांनी स्क्रीनवर शेवटचं पान दाखवलं. त्यावर काय असावं? इंग्रजीत एक परिच्छेद: या कराराचा सर्व मजकूर मला माझ्या मातृभाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला आणि मला तो पूर्ण समजला आहे. खाली मामांची देवनागरी सही. म्हणजे इंग्रजी समजत नाही म्हणून मराठीत सांगितलं, हेही त्या माणसाकडून इंग्रजीतच लिहून घेतलं! सही कुठे करायची ते पेन्सिलीच्या फुल्यांनी सांगितलं होतं, बाकी कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याच करारात वाद झाला तर कोर्टाऐवजी निवाडा करणारा लवाद, जागा चेन्नई, भाषा इंग्रजी. अमळनेरच्या कोर्टात मराठी चालते, 1998 च्या अधिसूचनेने ती खालच्या कोर्टांची भाषा झाली. पण वाद तिथवर येऊ देतील तेव्हा ना. आणि तो एकटा लवाद नेमणार कोण? कंपनीच. निकालात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे, त्याने असा एकटा लवाद परस्पर नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं. छापील फॉर्मपर्यंत ती बातमी अजून पोचली नसावी.

तर सल्ला असा की... जाऊ द्या, सल्ला कसला डोंबलाचा.

फायनान्सवाल्यांनो, कर्ज विकताना तुम्हाला अहिराणी येते, लेवा बोली येते, गावच्या यात्रेला वर्गणीसुद्धा देता येते. वसुलीच्या वेळीच कशी इंग्रजी आठवते? कर्जदाराशी पत्रव्यवहार त्याला समजेल अशा भाषेत करा, कराराची प्रत सोबतच्या सगळ्या कागदांसह द्या, असं रिझर्व्ह बँक फायनान्स कंपन्यांना वर्षानुवर्षं सांगत आलीय. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना तर व्याज-खर्चाचं माहितीपत्रक कर्जदाराला कळेल अशा भाषेत देऊन, समजावून, तशी पोच घ्यायची आहे. पोच घेण्यात तुम्ही पटाईत आहात. समजावण्याचं काय?

आणि तुम्ही लोकहो! कापूस विकताना व्यापाऱ्याने कट्टी (वजनातली कपात) किती धरली यावर तासभर गळा काढता, काट्यावर स्वतः चढून वजन तपासता, आणि लाखोंच्या कागदावर फुली दिसेल तिथे मान खाली घालून सह्या ठोकत जाता. रकमेचा रकाना कोरा आहे, हेही बघत नाही. घरात इंग्रजी शाळेची फी भरता ना? त्या पोराला कागदाशेजारी बसवा. तो अडला तर तालुक्याच्या वकिलाची फी द्या. आणि प्रत हातात पडेपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नका. साहेबाची जेवणाची वेळ झाली असेल तर त्याने डबा तिथेच खावा.