‘कळसूबाईएवढा डोंगर आणि केवढा तो बाऊ!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेत तुम्हीच ‘वय 63, सह्याद्रीत चाळीस वर्षं’ असं लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण तुमचे दोन मुद्दे रात्री झोपताना टोचत राहिले.

इतर वाचकांसाठी: माझा मूळ लेख अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगरावरून हिवाळ्यात वाऱ्यामुळे अर्ध्यातून परत फिरलो, त्याबद्दल होता. त्यावरचं तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माउंट वॉशिंग्टनची उंची 1917 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा उत्तराखंडातला केदारकंठा आपल्याकडची कॉलेजची पोरं डिसेंबरात करून येतात. माझ्या फोटोत आकाश निळंशार आहे, मग वादळ कसलं? थर्मामीटर उणे 18 दाखवत असताना ‘उणे 35’ लिहिणं म्हणजे आकडे फुगवणं. ‘जगातला सर्वांत वेगवान वारा’ हा विक्रम आता या डोंगराच्या नावावर नाहीच. आणि शेवटचा टोला: ‘अमेरिकेत राहून माणूस मऊ होतो. तो डोंगर पुरा चढलात तरी का कधी?’

मऊ झालोय, कबूल. वजनकाटाही तेच सांगतो.

विक्रमाचंही कबूल, ती चूक माझीच. 12 एप्रिल 1934 ला इथल्या माथ्यावरच्या हवामान वेधशाळेतल्या लोकांनी ताशी 372 किलोमीटरचा झोत मोजला आणि तो आकडा साठेक वर्षं पहिल्या नंबरावर राहिला. मग 1996 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ‘ऑलिव्हिया’ चक्रीवादळात ताशी 408 ची नोंद झाली, आणि 2010 मध्ये जागतिक हवामान संघटनेने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. फरक एवढाच, की बॅरो बेटावरचं यंत्र माणसाविना चालत होतं, आणि इथे माणसं माथ्यावरच्या लाकडी इमारतीत बसून मोजत होती. ती इमारत साखळदंडांनी खडकाला बांधलेली होती.

आता उंचीचं. या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही, आणि त्यासाठी तुमचाच सह्याद्री साक्षीला काढतो. पावसाळ्यात कोकणकड्यावर टोपी खाली फेकली की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. टोपी परत वर येते. नाणेघाटात धबधबा उलटा उडतो. समुद्राकडून आलेला वारा कड्याच्या भिंतीवर आपटतो, त्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही, आणि माथ्याच्या काठावर त्याचा वेग वाढतो. आता ही भिंत उचला आणि 19 अंश अक्षांशावरून 44 अंशांवर नेऊन ठेवा. तिथे हिवाळाभर पश्चिमेकडून वारे येतात आणि डोक्यावरून जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जातो. वॉशिंग्टन ज्या रांगेत आहे ती प्रेसिडेन्शियल रांग साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली, म्हणजे वाऱ्याला आडवी. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला शेकडो मैल एवढा उंच अडसर दुसरा नाही. थंडीत वरचा हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खाली डोंगर, वर झाकण, मधल्या फटीतून वारा काढायचा. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाहा.

त्यात ही जागा वादळांच्या तिठ्यावर आहे. काही वादळं पंचमहासरोवरांकडून येतात, काही दक्षिणेकडून, आणि सगळ्यांत बर्फाळ ती अटलांटिकच्या किनाऱ्याने वर सरकणारी. म्हणून वर्षातले शंभराहून अधिक दिवस माथ्यावर ताशी 120 किलोमीटरच्या पुढचे झोत नोंदले जातात. आपल्याकडे तेवढ्या वाऱ्याचं चक्रीवादळ येतं तेव्हा किनाऱ्यावरची गावं रिकामी करतात.

आणि वाऱ्याचा हिशेब सरळ नसतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. आम्ही निघालो तेव्हा अंदाज ताशी 80 चा होता, वर झोत 110 चे लागले. ऐकायला फक्त तीस जास्त, पण अंगावर जवळजवळ दुप्पट. शिवाय उंची कमी असणं इथे उलट अंगावर येतं. केदारकंठ्याच्या 3800 मीटरवर हवा विरळ असते. 1900 मीटरवर ती साधारण वीस टक्के जास्त दाट, म्हणजे त्याच वेगाचा वारा तेवढाच जास्त ढकलतो. श्वासाला जे सोपं, ते पायांना अवघड.

केदारकंठ्याला मी नावं ठेवत नाही. स्वतः गेलो नाही, जायचं आहे. पण तिथे शेवटच्या टप्प्यापर्यंत झाडांची सोबत असते, कारण त्या अक्षांशावर जंगल साडेतीन हजार मीटरच्या आसपासपर्यंत चढतं. इथे चौदाशेच्या आसपास झाडं गुडघ्याएवढी होतात आणि मग संपतात. पुढचे चारपाचशे मीटर आडोसा म्हणून काही नाही. तिथेच वनखात्याची पिवळी पाटी आहे: थांबा, पुढच्या भागात अमेरिकेतलं सर्वांत वाईट हवामान आहे, उन्हाळ्यातसुद्धा इथे गारठून माणसं मेली आहेत, हवा बिघडली असेल तर आत्ताच मागे फिरा. 1849 पासून या रांगेत दीडशेहून जास्त माणसं गेली. आणि हिमालयातही वारा-बर्फ एकत्र आले की उंचीची सवय कामी येत नाही. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातले नऊ ट्रेकर हिमवादळात गेले. जूनमध्ये, काका.

निळ्या आकाशाचा मुद्दा मला सगळ्यांत आवडला, कारण त्या सकाळी मीही तसाच फसलो होतो. आदल्या दिवशी बर्फ पडून गेला होता. पहाटे पायथ्याच्या पिंकहॅम नॉचच्या पार्किंगमध्ये चांदण्या दिसत होत्या, झाडाचं पान हलत नव्हतं. मी मित्राला म्हटलं, वादळ गेलं, आज मजा आहे. त्याने फोनवर माथ्याचा अंदाज उघडून दाखवला आणि काही बोलला नाही. इथली खरी गंमत ही, की बर्फाचं वादळ समुद्राकडे सरकलं की त्याच्या पाठोपाठ कॅनडातून थंड, जड हवा येते. एकीकडे खोल गेलेला दाब, दुसरीकडे चढलेला, आणि मधल्या उतारावरून वारा सुटतो. बर्फ पडताना असतो त्याहून जास्त वारा बर्फ थांबल्यावर असू शकतो, तोही स्वच्छ उन्हात.

लायन हेडच्या वाटेने झाडीतून वर आलो आणि आवाज आधी आला, घाटात मालगाडी चढत असल्यासारखा. झाडं संपली तिथे पडून गेलेला सगळा बर्फ पुन्हा उडत होता, कमरेएवढा. वर निळं आकाश, लांबची शिखरं स्वच्छ, आणि स्वतःचे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे बर्फात रुतणारे खिळे, दिसत नव्हते. बर्फ वाटेवर टिकलाच नव्हता. वाट गुळगुळीत बर्फकाच आणि उघडे दगड. तो सगळा बर्फ वाऱ्याने उचलून पलीकडे टकरमन दरीत नेऊन टाकला होता. ही दरी आग्नेयेकडे तोंड करून बसली आहे, वायव्येचा वारा तिच्यात पोतं रिकामं केल्यासारखा बर्फ ओततो. म्हणून ‘किती इंच पडला’ या आकड्याला इथे फारसा अर्थ नाही. एका बाजूला दगड उघडे, दुसऱ्या बाजूला माणूस उभा गाडला जाईल असे थर, आणि तेही कच्चे, कधीही घसरतील असे. हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वेगळा निघतो तो त्यासाठीच.

आता उणे 35. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे. पाण्याची बाटली बाहेर ठेवली तर ती उणे 18 च्या खाली जाणार नाही, वारा कितीही असो. उणे 35 हा विंड चिलचा आकडा. विंड चिल हे हवेचं तापमान नाही, उघड्या कातडीतून उष्णता किती झपाट्याने जाते त्याचं माप आहे. सायपल आणि पॅसेल या दोन संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजून याची सुरुवात केली. माणूस म्हणजे नळकांडं नव्हे, म्हणून 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सूत्र बदललं. त्यासाठी टोरोंटोत बारा माणसांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यांवरून मोजमापं घेतली. त्या सूत्रात उणे 18 आणि ताशी 80 घाला, उणे 35 येतं. आकडा मी फुगवलेला नाही. पण ‘तापमान उणे 35 होतं’ असं मी लिहिलं होतं ते चूक. तिथेही दुरुस्ती केली.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. ज्या फोटोवरून तुम्ही मला खोटं पाडताय, तो काढण्यासाठी मी उजवा हातमोजा काढला होता. फार तर दोन मिनिटं. मोजा परत चढवताना मधल्या दोन बोटांची टोकं पांढरी झाली होती आणि एकमेकांवर आपटली तर लाकडासारखी वाटत होती. मित्राने काही न विचारता माझा हात आपल्या जाकिटात, थेट काखेत घेतला. जान परत आली तेव्हा मी आईच्या नावाने जे ओरडलो ते वाऱ्यात कोणाला ऐकू गेलं नाही हे बरंच झालं. बोटं शाबूत आहेत. थंड पाण्यात भांडी घासताना अजून चुणचुणतात, आणि घरात ते कारण चालत नाही.

तिथून वर चारेकशे मीटर चढ उरला होता. सकाळचे अकरा वाजले होते, खायला होतं, पायात ताकद होती. पण झोत आला की आम्ही दोघं आइस अ‍ॅक्स रोवून बसत होतो, आणि दोन झोतांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. मी मोजायला लागलो. आधी चाळीस पावलं मिळायची, मग पंधरा, मग सहा. सहाला फिरलो. यात शौर्य काहीच नव्हतं, आणि लेखाचं शीर्षक ‘मृत्यूच्या दारातून’ असं देणं हा शुद्ध आगाऊपणा होता. त्याबद्दल तुम्ही जे सुनावलंत ते सगळं मान्य. शीर्षक बदललं आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. हो, माथ्यावर गेलोय. ऑगस्टात, गाडीने. थेट वरपर्यंत रस्ता आहे, 1861 पासूनचा. आई नाशिकहून आली होती, तिला घेऊन गेलो. खाली घामाच्या धारा आणि वर ती माझं जाकीट घालून, पदर डोक्याला घट्ट गुंडाळून उभी. तिने सगळीकडे फिरून पाहिलं, वेधशाळा पाहिली, 1934 च्या विक्रमाची पाटी माझ्याकडून वाचून घेतली. मग म्हणाली, ‘एवढं सगळं बांधलंय, आणि देवीचं देऊळ कुठंय?’