एका एकरातून सहा एकर निघत नाहीत

गेला आठवडाभर आमच्या फुलेवाडीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘अपूर्णांकांचा गुणाकार दोन मिनिटांत, आपल्या जुन्या लोकांची पद्धत’ असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा: आधी दोन्ही छेद समान करा. पूर्णांक असेल तर पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणा. तिरपी काटाकाट कुठल्याही उदाहरणात बिनधास्त करा. आणि उत्तर दोन्ही संख्यांपेक्षा मोठं आलं नाही, तर उदाहरण चुकलं समजा. मी सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवते. यातलं एकेक वाक्य मुलांच्या वह्यांत उतरायला लागलंय, म्हणून हे लिहायला बसले.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. गुणलं की वाढतं, हे मूल दुसरीपासून बघत आलेलं असतं. त्यामुळे ते त्याला लगेच पटतं. पण घरात अर्धा किलो गूळ आहे आणि त्यातला पाव भाग पोळ्यांना काढला, तर किती काढला? अर्ध्याचा पाव, म्हणजे १/४ × १/२ = १/८ किलो, सव्वाशे ग्रॅम. उत्तर दोन्ही संख्यांपेक्षा लहान आहे आणि तेच बरोबर आहे. गुणिले हे चिन्ह इथे ‘चा’ असं वाचायचं. आपण दुप्पट म्हणतो, दीडपट म्हणतो, तसंच पाऊणपटही म्हणतो. दीडपट केलं की वाढतं, पाऊणपट केलं की कमी होतं. एकापेक्षा मोठ्या संख्येने गुणलं तर वाढ, लहानाने गुणलं तर घट, एकाने गुणलं तर आहे तेवढंच. मुलांना हे कळतं. फक्त आधी उलटं सांगून ठेवायचं नाही.

आता छेद समान करण्याचं. परवा सहावीतल्या एका मुलीच्या वहीत २/५ × ३/८ हे उदाहरण होतं. तिने मेसेजप्रमाणे छेद समान केले: १६/४० × १५/४०. मग बेरजेत करतो तसा छेद ४० तसाच ठेवला, वर १६ गुणिले १५ केलं, २४०/४० आणि उत्तर ६. उत्तर मोठं आलं म्हणून ती निर्धास्त होती.

घरची शेती आहे तिची. मी म्हटलं, ‘एक एकर रान आहे. त्याच्या दोन पंचमांशात ऊस लावलाय आणि त्या उसाच्या तीन अष्टमांशाची तोड झाली. किती रान मोकळं झालं?’ एकराचे ४० गुंठे, हे तिला पाठ होतं. वहीत एक आयत काढला, आडवे पाच पट्टे, उभे आठ. चाळीस चौकटी झाल्या, एक चौकट म्हणजे एक गुंठा. वरचे दोन पट्टे तिने हिरवे केले, सोळा चौकटी. त्या हिरव्यातल्या आठांपैकी तीन उभ्या पट्ट्यांवर रेघा मारल्या आणि बोटाने मोजलं. ‘सहा गुंठं, बाई.’ मग स्वतःच मागच्या पानावरचं सहा एकर बघितलं आणि खोडरबर घेतलं.

सगळा नियम त्या आयतात आहे. चाळीस कुठून आले? पाच गुणिले आठ, छेदांचा गुणाकार. सहा कुठून आले? दोन गुणिले तीन, अंशांचा गुणाकार. ६/४०, संक्षिप्त रूपात ३/२०. बेरजेत छेद समान करावे लागतात, कारण एका मापाचे तुकडेच एकत्र मोजता येतात. गुणाकारात आपण तुकड्याचा तुकडा घेतो, माप तिथेच नवीन तयार होतं. छेद समान करून नीट गुणलंत तर २४०/१६०० येईल, आणि ८० ने भागून पुन्हा ३/२० च. एवढा वळसा घालायचा कशाला?

तिरपी काटाकाट गुणाकारात चालते. ४/९ × ३/८ मध्ये चाराने आठ आणि तीनाने नऊ काटले की १/३ × १/२ = १/६. शेवटी सगळे अंश एकाच रेघेवर आणि सगळे छेद एकाच रेघेखाली येणार असतात, म्हणून चालते. ‘कुठल्याही उदाहरणात’ मात्र नाही. ह्याच दोन अपूर्णांकांची बेरीज तशी केली तर ५/६, म्हणजे ६०/७२ येतं. खरं उत्तर ५९/७२. इतकं जवळचं चुकतं की अंदाजानेही सापडत नाही.

पूर्णांक वेगळा गुणण्याची सूचना खिशाला भारी आहे. अडीच मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब खोलीला फरशी घालायची आहे. मेसेज म्हणतो दोन त्रिक सहा, अर्ध्याचा अर्धा पाव, झाले सव्वासहा. खरं क्षेत्रफळ ५/२ × ७/२ = ३५/४, पावणेनऊ चौरस मीटर. अडीच चौरस मीटर फरशी कमी पडली! गेली कुठे? दोनाचं साडेतीनातल्या अर्ध्याशी एक, आणि तीनाचं अडीचातल्या अर्ध्याशी दीड. हे दोन गुणाकार कुणी केलेच नाहीत. म्हणून आधी अंशाधिक अपूर्णांक करायचा, मग गुणायचं.

आणि ‘जुन्या लोकांची पद्धत’ हे तर मला सगळ्यात लागलं. अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागावं, हा नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दिला आणि भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही तोच आहे. आपल्याकडच्या पिढ्यांनी तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (औट म्हणजे साडेतीन) असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ केले. त्या मुलीला न्यायला तिचे आजोबा आले होते. वहीतलं फरशीचं उदाहरण मी त्यांना तोंडी विचारलं. दारात उभ्या उभ्याच म्हणाले, ‘औट दुणं सात. औटाचं निम्मं पावणेदोन. पावणेनऊ की, बाई.’