कमरेच्या हाडातल्या पेशी मेंदूत जाऊन मायलिन बनवत नाहीत

गेले काही दिवस पालकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. असले मेसेज रोज येतात. पण परवा माझ्या मावसबहिणीनेच तो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, गळ्यातलं मोडलं तर जमेल. करून घेऊ का?" तिचा मुलगा चार वर्षांचा आहे. २९व्या आठवड्यात जन्मला, सेरेब्रल पाल्सी आहे, उभं केलं की टाचा टेकत नाहीत आणि पाय एकमेकांवर चढतात. मेसेज थेट अशा आईच्या काळजाला हात घालतो, म्हणून आता सोडून देता येत नाही.

मेसेज सांगतो ते थोडक्यात असं: सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व या सगळ्यांचं मूळ मेंदूतलं मायलिन नीट न बनण्यात आहे. मायलिन म्हणजे वायरवरचं प्लास्टिक. बाळाच्याच कमरेच्या हाडातून स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळपेशी, काढून पाठीतून सोडल्या की त्या मेंदूत जाऊन नवं मायलिन तयार करतात. अमेरिकेत हे २०१२ मध्येच सिद्ध झालंय. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे दुष्परिणाम शून्य. स्कॅनमध्ये फरक दिसतो. सात वर्षांच्या आत करा, नंतर उपयोग नाही. औषध कंपन्या हे दडपून ठेवतात. पुढे पाठवा.

वायरवरच्या प्लास्टिकपर्यंत ठीक आहे. चेतातंतूभोवती मायलिनचे वेढे असले की संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेगाने पळतो. नसले तर मीटरभर सरकला तरी खूप. जन्मानंतरची पहिली दोन वर्षं हे वेढे झपाट्याने चढतात, आणि पुढे विशीपर्यंत काम चालूच असतं. पण मेंदूत हे काम करणारी पेशी एकच, ऑलिगोडेंड्रोसाइट. कमरेच्या हाडातल्या अस्थिमज्जेतून मिळतात त्या मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी, आणि थोड्या हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या. वायरवर प्लास्टिक चढवायला प्लंबरला बोलावल्यासारखं झालं हे. पाठीच्या मणक्यातून मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडलेल्या या पेशी मेंदूत जाऊन ऑलिगोडेंड्रोसाइट होतात आणि मुलाच्या तंतूंना गुंडाळतात, हे माणसात कुणीही दाखवलेलं नाही.

मग ते "२०१२ मध्ये अमेरिकेत सिद्ध" काय आहे? मी मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, पेशीशास्त्रज्ञ नव्हे, पण मूळ निबंध शोधून वाचता येतो. तो वाचल्यावर मी कपाळावर हात मारला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन'मध्ये एक चाचणी छापली. आजार होता पेलिझेयस-मर्झबाखर. पीएलपी१ नावाच्या जनुकात दोष असतो, तो बहुतेक मुलग्यांमध्ये दिसतो, आणि त्यात मायलिन मुळात बनतच नाही. अत्यंत दुर्मीळ. मुलं होती चार. पेशी त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या. दान मिळालेल्या गर्भाच्या मेंदूतून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतापेशींच्या मूळपेशी होत्या. पाठीत सुई नव्हती; कवटीला छिद्रं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातल्या पांढऱ्या द्रव्यात त्या थेट टोचल्या. शरीराने त्या परक्या पेशी मारू नयेत म्हणून मुलांना नऊ महिने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली.

आजार वेगळा, पेशी वेगळ्या, मार्ग वेगळा. मेसेजवाल्याच्या उपचाराशी या चाचणीचा बादरायण संबंधसुद्धा नाही. दोन्हीकडे "स्टेम सेल" हे शब्द आहेत, एवढंच.

आणि निकाल? वर्षभरानंतर एमआरआयमध्ये पेशी टोचल्या त्या भागात मायलिन बनत असावं असे बदल दिसले. तीन मुलांच्या हालचालीत थोडीशी सुधारणा दिसली, चौथा होता तसाच राहिला. तुलनेसाठी उपचार न दिलेली मुलं नव्हतीच, कारण ही पहिल्या टप्प्याची, सुरक्षितता तपासणारी चाचणी होती. संशोधकांनी स्वतः "सिद्ध झालं" असं कुठेही म्हटलेलं नाही. याच मुलांचा पाच वर्षांचा पाठपुरावा २०१९ मध्ये 'स्टेम सेल रिपोर्ट्स'मध्ये आला. त्यात चारपैकी दोघांच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, म्हणजे औषधं थांबल्यावर शरीराने त्या पेशी परक्या म्हणून ओळखल्या होत्या. चार मुलांवरचा इतका सावध, इतका प्रामाणिक प्रयोग, आणि आपल्याकडे त्याचा ध चा मा करून पॅकेज विकतात.

माझ्या भाच्याच्या मेंदूचं दुखणं तर याहूनही वेगळं आहे. चोवीस ते बत्तीस आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेल्या बाळांत ऑलिगोडेंड्रोसाइट होऊ घातलेल्या कोवळ्या पेशी ऑक्सिजनच्या कमतरतेला आणि दाहाला फार लवकर बळी पडतात. त्याच्या रिपोर्टमधलं 'पीव्हीएल' ते हेच. पण गेल्या वीसेक वर्षांच्या संशोधनातून असं दिसतंय की या पेशी साऱ्या मरत नाहीत. पुष्कळ नव्याने तयार होतात आणि अर्ध्या वाटेत अडकतात. भोवतीच्या व्रणातले पदार्थ त्यांना पुढे वाढूच देत नाहीत. जिथे असलेल्याच पेशींची वाढ खुंटली आहे, तिथे बाहेरून आणखी ओतून काय साधणार? उद्या कदाचित ही अडवणूक सोडवणारं औषध निघेल. आज ते नाही.

आता जे खरं आहे तेही सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी तोंडावर फेकेल. मायलिनच्या काही आनुवंशिक आजारांत स्टेम सेलचं प्रत्यारोपण खरोखर करतात. क्रॅबे हा त्यातला एक. २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा अभ्यास आला. लक्षणं दिसण्याआधी, जन्मानंतर १२ ते ४४ दिवसांत प्रत्यारोपण झालेली अकराही बाळं पाठपुराव्याच्या काळात जगली. लक्षणं सुरू झाल्यावर ज्या चौदांवर केलं, त्यांतली ४३ टक्केच जगली, आणि त्यांच्या मेंदूच्या कामात फारसा फरक पडला नाही. लवकर वाचवलेल्यांनाही पुढे चालण्या-बोलण्यात अडचणी आल्याच. तेव्हा "लवकर करा" यात तथ्य आहे, पण ते क्रॅबेसारख्या आजारापुरतं, आणि तिथे लवकर म्हणजे आठवडे. सात वर्षांची मुदत मेसेजवाल्याने कुठून आणली, देव जाणे.

शिवाय त्या बाळांना दिलं ते दुसऱ्याच्या नाळेचं रक्त, तेही आधी कडक केमोथेरपी देऊन. दात्याच्या पेशी त्या बाळांत नसलेलं एन्झाइम पुरवतात. मायलिन त्या स्वतः विणत नाहीत. अशा आजारात बाळाचंच रक्त वापरलं तर दोष असलेलं तेच जनुक परत शरीरात जाणार. नाळेचं रक्त साठवणाऱ्यांचे एजंट बाळंतिणीच्या खाटेपाशी हे सांगत नाहीत.

आणखी एक कबुली, जरा जिवावर येऊनच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने सेरेब्रल पाल्सीच्या ६३ मुलांना त्यांच्याच नाळेचं साठवलेलं रक्त देऊन पाहिलं; तुलनेसाठी काहींना आधी पेशी नसलेलं खोटं सलाइन दिलं. निकाल २०१७ मध्ये आला. वर्षाअखेर खरं रक्त मिळालेल्या आणि खोटं सलाइन मिळालेल्या मुलांच्या हालचालींतल्या सुधारणेत फरक नव्हता. ज्यांना पेशींचा डोस जास्त मिळाला, त्यांच्यात थोडी जास्त सुधारणा दिसली, म्हणून शोध चालू आहे. शोध चालू असणं आणि उपचार सापडणं यांत अंतर असतं. खोटं सलाइन मिळालेली मुलंही वर्षभरात पुढे सरकली, हे मुद्दाम लक्षात घ्या. लहान मुलं वाढतात, शिकतात. पॅकेजमध्ये इंजेक्शनसोबत रोजचे तास-दोन तास फिजिओथेरपी असते. मूल बसायला लागलं की श्रेय सुईला जातं.

दुष्परिणाम शून्य? इस्रायलमधल्या एका मुलाला मॉस्कोत गर्भाच्या चेतापेशी मेंदूत सोडल्या होत्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या, आणि त्या दात्यांच्याच पेशींच्या असल्याचं २००९ मध्ये 'पीएलओएस मेडिसिन'मध्ये सिद्ध झालं. स्वतःच्या मज्जेच्या पेशींना हा धोका तसाच लागू होत नाही, मान्य. पण भूल, हाडातली सुई, मणक्यातली सुई आणि जंतुसंसर्ग यांची किंमत शून्य धरायची म्हणजे हद्द झाली.

स्कॅनचं म्हणाल तर ते रंगीत चित्र पीईटीचं असतं. पीईटीत मेंदू किती ग्लुकोज वापरतोय ते दिसतं, मायलिन दिसत नाही. आणि मूल भुलीत किती गाढ होतं यावरही रंग बदलतो.

ऑटिझमबद्दल तर बोलायलाच नको. स्टेम सेल हा ऑटिझमचा उपचार म्हणून मान्य नाही आणि त्याची जाहिरात करणं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या. कुणी "ट्रायलच आहे" म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. नुसती नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, हेही तिथेच विचारून घ्या. आणि प्रयोग आहे तर लाखांचं बिल आई-बापाच्या गळ्यात का, हेसुद्धा.

राहिली कंपन्यांनी दडपण्याची गोष्ट. २०१२च्या चाचणीतल्या पेशी बनवणारी स्वतःच एक कंपनी होती, कॅलिफोर्नियातली स्टेमसेल्स इन्कॉर्पोरेटेड. त्या पेशी चालाव्यात असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. मणक्याच्या दुखापतीवरच्या तिच्या चाचणीत अपेक्षित परिणाम दिसला नाही आणि २०१६ मध्ये तिने गाशा गुंडाळला.

"मग मी काय करू?" बहिणीने विचारलं. या महिन्यात त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढ. मांड्या इतक्या आवळलेल्या असल्या की खुबा हळूहळू सरकतो आणि दुखेपर्यंत कळत नाही. स्प्लिंट आखूड झालेत, ते बदल. आवळलेल्या स्नायूंत बोट्युलिनमचं इंजेक्शन द्यायचं का, ते हाडांच्या डॉक्टरांना विचार. गळ्यातलं गळ्यात राहू दे.