टिटवीच्या अंड्यांवरून पेरणी ठरवू नका

दर मे महिन्यात एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो: बांधावर नाहीतर घराच्या स्लॅबवर टिटवीची चार अंडी. खाली मजकूर असा: टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस जोरात, चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, टोकं खाली म्हणजे मुसळधार, शेतकऱ्यांनी निर्धास्त पेरणी करावी. कुणी पुढे जोडतं, की घरट्यात परीस असतो आणि त्यानेच टिटवी अंडी फोडते.

आधी उंचीचं बघू. टिटवी घरटं विणत नाही. जमीन पायाने थोडी उकरते, भोवती खडे आणि शेळीच्या लेंड्या मांडते, की झालं. जागा निवडताना तिला दोनच गोष्टी हव्या असतात: चारी बाजूंनी येणारं लांबून दिसावं आणि अंडी जमिनीच्या रंगात लपावीत. एप्रिल-मेमध्ये नांगरट झालेल्या रानात मोठी ढेकळं असतात, बसल्या जागेवरून पलीकडचं काही दिसत नाही. मग न नांगरलेला, मुरमाड बांध उरतो आणि अंडी तिथे दिसतात. बागायती पट्ट्यात उसाने आणि पाटाच्या पाण्याने मोकळी जमीनच कमी, म्हणून ती खडी पडलेल्या स्लॅबवरही जाते. त्याच शिवारात दुसरी जोडी सखल पडीकात बसलेली असते. तिचा फोटो कुणी काढत नाही. पाणी साचलेली जागा पक्षी टाळतो हे खरं, पण तो आजची ओल पाहतो. जुलै-ऑगस्टचा पाऊस ठरतो प्रशांत आणि हिंदी महासागरातल्या तापमानावर, वाऱ्यांवर, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. बांधावर बसलेल्या पक्ष्याला ते कळण्याचा मार्ग नाही.

चार अंडी तर टिटवीची नेहमीचीच. दुष्काळात चार, अतिवृष्टीतही चार, कधी तीन. ती एका दिवसात घातली जात नाहीत, म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याला दोनच दिसतील आणि तो दोन महिन्यांचा पाऊस सांगत सुटेल. शिवाय चार महिने धरले तरी त्यातला खंड कुठल्या अंड्यात शोधायचा? 2023 मध्ये देशात मोसमी पाऊस सरासरीच्या 94 टक्के झाला, पण ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा गेला. पिकं जळतात ती अशा खंडात.

टोकांचं कारण आकारात आहे. अंडं एका बाजूला निमुळतं असतं. चार अंडी टोकं आत करून ठेवली, की पोळीच्या चार चतकोरांसारखी जुळतात आणि पोटाखाली नीट मावतात. खळगा मध्ये खोल असल्याने टोकं साहजिकच खाली झुकतात.

परिसाबद्दल थोडक्यात: पिल्लाच्या चोचीवर एक बारीक कठीण टोक असतं. त्याने ते कवच आतून फोडतं. या परिसापायी लोक घरटी उचकतात, म्हणून हे सांगायलाच हवं.

पेरणीसाठी कृषी विभागाचा सल्ला पक्का धरा: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन किंवा कापूस नको. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाडा-भिंतींपासून दूर मोकळ्यावर ठेवा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून लिहा आणि डबा रिकामा करा. वरची दोन बोटं ओली आणि खाली कोरडं अशा जमिनीत बी उगवतं आणि करपतं. मग एकरी 30 किलो सोयाबीन बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा.

अंडी सापडली तर काय करायचं, हे या फोटोंखाली कधीच नसतं. उबवण 28 ते 30 दिवसांची, नर-मादी दोघं आळीपाळीने बसतात. मेच्या दुपारी खरं काम ऊब देण्याचं नसून सावली धरण्याचं असतं. दोघं पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंडी थंड ठेवतात. म्हणून फोटोसाठी अर्धा तास उभं राहिलात, तर उघडी अंडी उन्हात शिजतात. वखरणी किंवा रोटाव्हेटर त्या बाजूला सकाळी लवकर चालवा. पक्षी कुठे परत बसतो ते लांबूनच पाहा, सभोवार दोन-दोन मीटर जागा सोडा. खुणेची काठी घरट्याला खेटून रोवू नका, कावळे हेरतात. चार-पाच मीटरवर दोन बाजूंना रोवा. पाटाचं पाणी येणार असेल, तर त्या तुकड्याभोवती मातीचा वरंबा घाला. अंडी उचलून बांधावर ठेवू नका, जोडी बहुधा ती स्वीकारत नाही. कुत्रा बांधून ठेवा.

कवचावर चांदणीसारखे तडे दिसू लागले, की पिल्लं येण्यात आहेत. तो तुकडा दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. पिल्लं अंगावर लव घेऊनच जन्मतात आणि पिसं सुकली की चालू लागतात, त्यामुळे रिकामं घरटं पाहून चोरी झाली असं समजू नका. आईबापांनी ओरडून इशारा दिला की ती जागीच दबून बसतात, ढेकळासारखी. अशा वेळी ट्रॅक्टर थांबवा, पिल्लू हातात घेऊ नका आणि ट्रॅक्टरच बाजूने वळवा.