कण पुसले की चित्रही पुसले जाते

जुन्या अभिजात चित्रपटांच्या नव्या ४के डिस्क (चित्राच्या रुंदीत सुमारे चार हजार पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदू, असलेल्या) निघाल्या की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ज्या काळी ४के नव्हतेच, त्या काळच्या चित्रपटात ४के येणार कुठून? हे सगळे संगणकाने ताणून मोठे केलेले चित्र आहे. पडद्यावर दाणे वळवळताना दिसतात, म्हणजे सफाईही नीट झालेली नाही. आणि हेच काम आता एआय एका रात्रीत करते, तेव्हा डिस्कवर पैसे कशाला घालवायचे? मजकूर चटपटीत आहे आणि एका ठिकाणी तो खऱ्याच्या जवळूनही जातो, म्हणून त्याचे मुद्दे सुटे करून पाहिलेले बरे.

आधी ‘४के कुठून येणार’ हा प्रश्न. ४के हे माप नवे आहे. ज्याचे माप घ्यायचे ती वस्तू जुनीच आहे. फिल्मवर पिक्सेल नसतात, चांदीच्या क्षारांवर उमटलेली प्रतिमा असते, आणि चांगल्या भिंगातून टिपलेल्या ३५ मिलिमीटरच्या कॅमेरा निगेटिव्हमध्ये (चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात असलेल्या मूळ फिल्ममध्ये) साध्या ब्लू-रे डिस्कच्या १९२० × १०८० पिक्सेलांत मावणार नाही इतका तपशील असू शकतो. तो त्या वेळच्या प्रेक्षकाने पाहिला नाही, कारण चित्रपटगृहात पोहोचणारी प्रिंट बहुधा मूळ निगेटिव्हपासून दोन-तीन पिढ्या दूरची, म्हणजे प्रतीवरून काढलेली प्रत असे आणि प्रत्येक पिढीत थोडा तपशील गळत असे. १९६२ सालचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर चित्रित झाला होता. त्याचे स्कॅन ८केमध्ये करून त्यावरून ४के आवृत्ती तयार केली गेली. उलट २००२ मध्ये आलेला ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला दुसरा भाग डिजिटल कॅमेऱ्यांवर १०८० रेषांत चित्रित झालेला आहे, आणि ४के डिस्कसाठी ताणावा लागतो तो हा चाळीस वर्षांनी नवा चित्रपट. मजकूर खऱ्याच्या जवळून जातो तो इथे: जे मुळातच व्हिडिओ टेपवर चित्रित झाले, त्याला ताणण्यावाचून गत्यंतर नाही. पण तो दोष माध्यमाचा आहे, वयाचा नाही.

याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. जुन्या चित्रपटाच्या चांगल्या डिस्कवर एक दृश्य विरघळून दुसऱ्यात मिसळते ती जागा शोधावी. मिसळणे सुरू होण्याआधीच चित्र किंचित मऊ आणि खरखरीत होते, आणि पुढचा कट आला की पडदा पुसल्यासारखे पुन्हा लख्ख होते. असे विलय प्रयोगशाळेत वेगळ्या फिल्मवर बनवून निगेटिव्हमध्ये जोडले जात, त्यामुळे तेवढा तुकडा एक-दोन पिढ्या मागे पडलेला असतो. सगळे चित्र नुसते ताणलेले असते तर हा फरक दिसलाच नसता.

आता दाण्यांविषयी. फिल्मवरचे कण म्हणजे साचलेली धूळ नव्हे. कृष्णधवल फिल्मवर चांदीचे कण आणि रंगीत फिल्मवर त्यांच्या जागी उरलेले रंगद्रव्याचे ठिपके, हेच चित्र असते. त्याच्या मागे दुसरे ‘स्वच्छ’ चित्र दडलेले नसते. ओरखडा, डाग, धूळ या बाहेरून आलेल्या गोष्टी काढाव्यात, यावर कोणाचेही दुमत नाही. परंतु कण मुळापासून उपटायला गेले की त्वचेची रंध्रे, कापडाची वीण, पानांच्या शिरा हेही सोबत जाते. २०१० साली निघालेली ‘प्रेडेटर’ची ब्लू-रे याच कारणासाठी बदनाम झाली: जंगलात घामाने निथळणाऱ्या माणसांचे चेहरे तिच्यात मेणाचे दिसतात. तक्रार करायचीच तर ती अशा डिस्कविषयी करावी.

एआयविषयी थोडक्यात सांगता येईल. ते उपयोगाचे साधन आहे, मात्र गेलेला तपशील ते शोधून आणत नाही; तिथे काय असावे याचा अंदाज रंगवते. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ प्रमाणे १,७२,८०० चौकटी असतात, आणि पडणारा पाऊस किंवा हवेत उडालेली ठिणगी यांना ओरखडा समजून पुसणारे सॉफ्टवेअर नवे नाही. म्हणून पुसलेले परत आणणारा माणूस लागतोच.

शिवाय रिस्टोरेशनचा, म्हणजे जुना चित्रपट मूळ रूपात परत आणण्याचा, अवघड भाग अनेकदा संगणकापर्यंत पोहोचण्याआधीच पार पडलेला असतो. सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळली. ती टाकून न देता जपून ठेवली गेली, आणि पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ठिसूळ झालेली फिल्म पुन्हा ओलावा देऊन लवचिक करणे, वितळलेली चिकटपट्टी खरवडणे, तुटलेल्या कडा हाताने सांधणे असे काम तासन्‌तास चालले. त्यातून पहिल्या चित्रपटाचा सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याचा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. उरलेले इतरत्र जपलेल्या प्रतींवरून घ्यावे लागले, आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट ४केत पुन्हा पाहता आले. यातले नेमके कोणते काम घरच्या संगणकाने एका रात्रीत केले असते?

राहिला डिस्कवरच्या पैशांचा प्रश्न. स्ट्रीमिंगवरही ४के लिहिलेले असते, पण तिथे सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, तर अल्ट्रा एचडी, म्हणजे ४के डिस्कवर हा आकडा शंभराच्या पुढे जाऊ शकतो. कण प्रत्येक चौकटीत जागा बदलत असल्यामुळे दाबून लहान करायला ते सर्वांत अवघड असतात. स्ट्रीमिंगला तेच आधी झेपेनासे होतात, आणि अंधाऱ्या दृश्यात त्यांच्या जागी चौकोनी चट्टे सरकताना दिसतात. मजकूर लिहिणाऱ्याला खटकलेले वळवळणारे ‘दाणे’ कदाचित हेच असतील.